आज टोकन नको

पेढ्यांचा डबा उघडा होता. शेजारी पांढरं पाकीट, त्यावर कुंकवाचं बोट, वर चिकटवलेला एक रुपया आणि आत टोकनाचा, म्हणजे बयान्याचा, एक लाखाचा चेक. इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर सात माणसं बसली होती. विकणारे दोघे भाऊ, धाकट्याची बायको, घेणारं तरुण जोडपं, त्या तरुणाचे वडील, आणि या सगळ्यांना एकत्र आणणारे दलाल. वय सत्तरीच्या अलीकडे, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत टेप, टॉर्च आणि झेरॉक्सची भेंडोळी. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात. तरुणानं पाकीट उचललं, वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मान हलवली, आणि पाकीट अर्ध्या वाटेवर असताना काका म्हणाले, “थांबा. आज टोकन नको.”

मग थोरल्या भावाकडे वळून, चहाची बशी खाली ठेवत, अगदी सहज विचारल्यासारखं: “नागपूरच्या ताईंची सही कोण आणणार?”

आत कुकरची शिट्टी झाली. थोरले म्हणाले, “तिचा प्रश्नच नाही. तिनं कधी काही मागितलं नाही.” काका म्हणाले, “मागितलं नाही, खरं आहे. सोडलंय का, ते विचारतोय.” पुढे कोणी फार बोललं नाही. पेढे तसेच राहिले, पाकीट परत खिशात गेलं, आणि निघताना धाकट्याच्या बायकोनं डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

काकांनी केलं ते बरोबरच होतं, त्यात काही शंका नाही. खुपत राहिलं ते वेगळंच. घराचे कागद आठ दिवसांपासून त्यांच्या पिशवीत होते. बहिणीचं नाव कुठेच नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं असणार. असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. मग आठ दिवस गप्प का? आणि दुसरं, जास्त अवघड: घेणाऱ्या मुलाचे वडील गणपतीतल्या नाटकाच्या तालमीला काकांच्या शेजारी बसतात. त्यांच्या जागी बायपासकडच्या टाउनशिपमधून आलेलं कुणी अनोळखी जोडपं असतं, तर काका “थांबा” म्हणाले असते का?

इंदूरच्या मराठीत घर आणि मकान हे दोन वेगळे शब्द आहेत. राहतात ते घर. विकायला काढलं की त्याचं मकान होतं. ‘आमचं घर रामबागेत’ म्हणणारा माणूस दलालासमोर बसला की ‘मकान काढायचंय’ म्हणतो, आणि हा बदल त्याच्या स्वतःच्या कानावर पडत नाही. काकांच्या कानावर पडतो. जोवर समोरचा ‘घर’ म्हणतोय, तोवर ते भाव विचारत नाहीत. चहा मागवतात, आईची तब्येत विचारतात आणि सोडून देतात. त्यांचं म्हणणं असं की ‘घर’ म्हणणाऱ्याचा भाव कधीच खरा नसतो, त्यात आजोबांनी लावलेला आंबा मोजलेला असतो.

त्यांचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची आठ बाय दहाची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर फळी आणि फळीवर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर बॉलपेनानं गल्ली आणि एक सूचना. ‘स्नेहलतागंज. नळ बंद करून येणे.’ ‘मल्हारगंज, दुसरा मजला. शेजारी कुत्रं.’ ‘रामबाग. मागचं दार वर उचलून ढकला.’ पावसाळ्यात त्या खोलीत गंजक्या लोखंडाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास भरून राहतो. या किल्ल्यांतल्या निम्म्या घरांचे मालक पुण्यात किंवा परदेशात आहेत. वर्षाकाठी एकदा येतात, तेव्हा आधी काकांकडे येऊन किल्ली मागतात, मग स्वतःच्या घरी जातात.

माप घेताना त्यांना पाहावं. तीस मीटरची फायबरची टेप, पलीकडचं टोक धरायला घरातलाच कुणीतरी पोरगा. नवखा दलाल समोरची रुंदी आणि एका बाजूची लांबी मोजतो, गुणाकार करतो आणि मोकळा होतो. काका रुंदी तीन ठिकाणी घेतात: दाराशी, मधे आणि मागच्या भिंतीशी. कारण शेजारी सरकतो तो मागून सरकतो; दर्शनी भाग कोणी दाबत नाही, मागची नऊ इंचांची भिंत मात्र दुरुस्तीच्या निमित्तानं आपल्या बाजूनं पुन्हा बांधली जाते. मग दोन्ही कर्ण. इंदुरात पंधरा बाय पन्नासचे प्लॉट पुष्कळ. त्याचा कर्ण बावन्न फूट अडीच इंचांच्या आसपास यायला हवा, दोन्हीकडून सारखा. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा सहा इंचांनी मोठा निघाला तर मागची बाजू जवळजवळ दहा इंच एका अंगाला सरकलेली आहे, असं ते टेप गुंडाळता गुंडाळता सांगतात. रजिस्ट्रीत ७५० वर्गफूट, जागेवर ७२०, आणि भाव वर्गफुटावर ठरलेला. त्या तीस फुटांवरून सौदे मोडतात. म्हणून सौदा-चिठ्ठीत ‘जागेवर भरेल त्या मापानं’ हे शब्द ते स्वतःच्या हातानं लिहितात. गोमुखी असेल तर घेणारा खूश आणि वाघमुखी असेल तर दुकानवाला खूश, हा भाग वेगळा. वास्तूवर त्यांचा विश्वास आहे का ते कळत नाही. होकायंत्र मात्र पिशवीत असतं.

माळव्याची काळी माती हा इथल्या घरांचा खरा शत्रू. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर वरचं घर तिच्याबरोबर दरवर्षी श्वास घेतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग दिसली, की काका तिच्यात जाड कागदाचं व्हिजिटिंग कार्ड घालून पाहतात. कार्ड आत जात असेल तर गंभीर, नुसता रंग तडकला असेल तर सोडून द्यायचं. गिलाव्यावर किल्ल्यांच्या जुडग्यानं टकटक करायची. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक दोन भिंतींत समजतो. सागवानी चौकट तळाशी टोचायची, कारण वाळवी खालून वर येते. चार भिंतींपैकी एकीलाच ताजा रंग असेल तर तीच भिंत हातानं चाचपायची. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा फुटला असेल तर ओल जमिनीतून येते, छताजवळ डाग असेल तर वरून, आणि मधोमध असेल तर भिंतीतला पाइप फुटलेला. हे सगळं एखाद्या इंजिनिअरलाही सांगता येईल. पण इंजिनिअर फी घेऊन मे महिन्यात येतो, दलाल फुकट भाद्रपदातही येतो, आणि ओल भाद्रपदातच खरं बोलते.

इथेच एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हा लेख काकांची आरती होऊन बसेल. त्याच वर्षी सुदामा नगरातला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांनी बाहेरगावहून नोकरीसाठी आलेल्या एका जोडप्याला दाखवला. मे महिन्यात, सकाळी साडेदहाला. पश्चिमेची भिंत पावसात रडते हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या भाडेकरूनं त्याच कारणानं घर सोडलेलं. त्यांनी भिंत नवी रंगवून घेतली नव्हती, खोटंही बोलले नाहीत. फक्त त्या खोलीत फार वेळ थांबले नाहीत. जोडप्यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, रजिस्ट्री झाली. दोन्ही बाजूंनी एक-एक टक्का मिळाला.

दाखवण्याची पण एक रीत असते आणि ती या धंद्यातला प्रत्येक माणूस वापरतो. गिऱ्हाइकाला एका फेरीत तीन मकानं दाखवायची. पहिलं मुद्दाम रद्दड, दुसरं छान पण खिशाबाहेरचं, आणि तिसरं, जे विकायचंय ते. अर्धा तास आधी जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ थोडा वेळ सोडून गढूळ पाणी काढून टाकायचं, बंद घराचा कोंदट वास जाऊ द्यायचा. पूर्वेचं सकाळी, पश्चिमेचं दुपारी तीनच्या आत. आत शिरल्यावर पुरुष गच्चीवर जातात, बाया स्वयंपाकघराचा ओटा आणि मोरी पाहतात, सासूबाई देवघराची दिशा. निर्णय मोरीपाशी होतो, म्हणून काका गच्चीवर कधी चढत नाहीत. पाण्याचा प्रश्न तर ठरलेला: “नर्मदा आहे का?” बाहेरच्याला वाटेल नदीची चौकशी चालली आहे. जवळपास सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून वर चढवलेलं पाणी १९७८ मध्ये शहरात आलं, तेव्हापासून इंदुरात नळाच्या पाण्याला नर्मदाच म्हणतात. ‘नर्मदा एक दिवसाआड येते’, ‘आमच्याकडे नर्मदा बारीक आहे’, ‘नर्मदा नाही, बोरिंग आहे.’ शेवटचं वाक्य आलं की भाव तिथल्या तिथे खाली येतो.

कागदांचं प्रकरण मात्र मोरीपाशी उरकत नाही. आयडीएच्या (इंदूर विकास प्राधिकरणाच्या) स्कीममधला प्लॉट असेल, म्हणजे स्कीम चोपन्न किंवा अठ्ठ्याहत्तरमधला, तर आधी लीज कधी संपते ते बघायचं, लीज रेंटची पावती मागायची, आणि विकणाऱ्याचं नाव आयडीएच्या दप्तरी चढलंय का ते तपासायचं. जुन्या गल्लीतलं मकान असेल तर पहिल्या रजिस्ट्रीपासून आजपर्यंतची साखळी. साखळीतली एखादी कडी नुसत्या मुखत्यारपत्राची निघते: ‘त्या वेळी जीपीएवरच द्यायचे हो सगळे.’ द्यायचे, खरं आहे. पण मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्वच्छ सांगून टाकलंय, आणि ज्यानं ते लिहून दिलं तो वारला की त्या कागदाचाही जीव गेला. परदेशातल्या भावाचं मुखत्यारपत्र आलं तर आणखी एक खोच: ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्यावं लागतं. लोक पाकीट देवघरात ठेवतात, मुहूर्त शोधत बसतात, आणि चौथ्या महिन्यात काकांकडे येतात.

आणि सगळ्यांत जास्त घात करतं ते नामांतरण. वडील गेले, मुलांनी नगर निगममध्ये अर्ज दिला, दोघांची नावं चढली, संपत्तिकराची पावती दोघांच्या नावानं येऊ लागली. दहा वर्षं पावती नावावर आली की माणसाला मनापासून वाटायला लागतं की आपण मालक. पावती हा कर भरल्याचा पुरावा. मालकी तिनं ठरत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांचा वाटा सारखा. आणि हे २००५ पासून नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून. लोकांच्या डोक्यात २००५ बसलंय, त्याला कारण आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं बसवलं ते त्या वर्षी, आणि राहत्या घराची वाटणी मुलींनी मागायची नाही हे जे जुनं कलम होतं तेही त्याच वर्षी गेलं. त्यामुळे ‘बाबा आधीच गेले, तेव्हा मुलींना कुठे होतं’ असं शिकलेली माणसंसुद्धा छातीठोक सांगतात. काका वाद घालत नाहीत. ‘वकिलाचा सर्च रिपोर्ट येऊ द्या’ म्हणतात आणि पान जुळवत बसतात.

बहिणीचा हक्कत्याग घ्यायचा ठरला तरी काम संपत नाही, आणि इथे आपल्या मराठी घरांचीच एक वेगळी अडचण आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, आडनावच नव्हे तर पहिलं नावसुद्धा, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. वडिलांच्या रेशनकार्डावर एक मुलगी, आधारकार्डावर दुसरीच बाई. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, शपथपत्र. आता रजिस्ट्री संपदा २.० या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर होते, आधारशी ओळख जुळल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. सर्व्हिस प्रोव्हायडरच्या टेबलाशी पासष्ट वर्षांची बाई अंगठा टेकवते आहे, यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही कारण आयुष्यभराच्या भांड्यांनी रेघाच झिजल्या आहेत, आणि भाऊ घड्याळ बघतोय कारण स्लॉट निघून चाललाय, हे दृश्य तिथे रोजचं आहे. काका अशा वेळी पिशवीतून ओला रुमाल काढतात. अंगठा पुसायचा, कोरडा करायचा, पुन्हा लावायचा. नाहीच जमलं तर डोळ्यांचं स्कॅन.

पैशांचं सांगायचं तर शहरात स्टॅम्प आणि नोंदणी मिळून साडेबारा टक्क्यांच्या घरात जातं. बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणीच्या शुल्कात सवलत, त्यामुळे इंदुरात अचानक पुष्कळ बायका घरमालकीण झाल्या आहेत. साडेबारा टक्के ऐकल्यावर घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो गाइडलाइनचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या भावाचा. गाइडलाइन आणि बाजारभाव यांच्यातल्या फटीत या शहराचं निम्मं राजकारण आणि निम्मं आदरातिथ्य राहतं, त्यावर न बोललेलं बरं. काकांचा नियम इतकाच की टोकन चेकनं. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख बयाना कायद्यात बसत नाही, दंड तितकाच पडू शकतो. पन्नास लाखांच्या किंवा त्यापुढच्या सौद्यात घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापायचा हे आता बहुतेकांना माहीत असतं; पण दोन घेणारे आणि दोन विकणारे असतील तर प्रत्येक जोडीमागे एक, असे चार फॉर्म भरायचे, हे माहीत नसतं. आणि विकणाऱ्यांतला एक भाऊ परदेशस्थ असेल तर त्याच्या हिश्श्यावर एक टक्का नाही चालत, तिथला दर वेगळा आणि बराच मोठा. कापला नाही तर नोटीस भावाला नाही, घेणाऱ्याला येते.

हे झालं जुन्या गल्ल्यांचं. शहराच्या कडेला धंद्याचं रूपच वेगळं, तिथे डायरी चालते. परवानग्या यायच्या आधीच कॉलोनायझर, म्हणजे प्लॉट पाडून विकणारा, आपल्या ओळखीच्या दलालांना पाच-दहा प्लॉट वाटून देतो. रजिस्ट्री नाही, करार नाही. खिशात मावणारी एक डायरी, तिच्यात प्लॉटचा नंबर, भाव आणि हप्ते मिळाल्याच्या सह्या. भाव चढला की डायरीच पुढे विकायची. रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर अंकुश ठेवणारा, कायदा २०१६ चा. नोंदणीआधी विक्री नाही, नोंदलेल्या कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ नाही, आणि अशा प्रोजेक्टमधला माल विकणाऱ्या दलालानं स्वतःची नोंदणी करायची, असं त्यात लिहिलंय. प्रशासनानं डायरीवर बंदीही घातली. तरी संध्याकाळी चहाच्या टपरीवर ‘भिया, दो डायरी पड़ी है, देखना हो तो बताना’ ऐकू येतंच. परवानगी आली तर डायरी सोन्याची. नाही आली तर गृहनिर्माण संस्थांच्या जुन्या पावत्या सांभाळत म्हातारी झालेली माणसं या शहरात काही कमी नाहीत, त्यांत आणखी भर. काका डायरीला हात लावत नाहीत. तत्त्व म्हणून असेल, किंवा एकदा हात पोळला असेल. ते सांगत नाहीत.

मकान निघतंय ही बातमी पहिल्यांदा येते ती हळदीकुंकवातून. काकू वाण घेऊन येतात आणि चपला काढता काढता सांगतात, ‘त्यांच्या सुनेनं भांडी काढून ठेवलीत, पुण्याला जायचं चाललंय बहुतेक.’ वर्तमानपत्रातली जाहिरात त्यानंतर सहा महिन्यांनी येते. दुसरी जागा म्हणजे सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाचं मध्यंतर, बटाटेवड्याच्या रांगेत. आणि तिसरी, जिच्याबद्दल या धंद्यात कोणी मोठ्यानं बोलत नाही, ती म्हणजे तेरावा. दलाल तेराव्याला गेला की लोक त्याच्याकडे बघतात. नाही गेला तर त्याहून जास्त बघतात, कारण गेलेली व्यक्ती त्याची चाळीस वर्षांची ओळखीची. काका जातात, पानावर बसतात, पान उचललं की निघतात, ओसरीवर रेंगाळत नाहीत. एकदा एका मुलानं हात धुतानाच विचारलं होतं, ‘काका, काय भाव चाललाय हो आपल्या गल्लीत?’ काकांनी ‘मसालेभात छान होता’ असं उत्तर दिलं. मुलाला राग आला. बरोबरच आहे, त्याला सोमवारचं विमान होतं.

त्यांचा खरा जीव आहे तो नाटकात, तोही विंगेत. गणपतीत मंडळाची एकांकिका असते, तिला प्रॉम्प्टिंग करायचं, हे काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. भूमिका कधी केली नाही. डाव्या विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन. प्रॉम्प्टरचं सगळं कसब आवाजात आहे असं आपल्याला वाटतं, म्हणजे नटाला ऐकू जावं पण पहिल्या रांगेला नाही. ते सवयीनं जमतं. अवघड असतं ते थांबणं. नट गप्प झाला, तर ती भूमिकेतली गप्प बसण्याची जागा आहे की वाक्य गेलंय? घाईनं वाक्य दिलं तर नटाचा विराम मारला जातो आणि तो नंतर मेकअप रूममध्ये ओरडतो. उशीर केला तर अख्खं सभागृह चुळबुळ करतं. काका म्हणतात, डोळे बघायचे. विराम घेणारा समोर बघतो, विसरलेला खाली बघतो. खाली पाहिल्यावरही मनात दोन आकडे मोजायचे, कारण निम्म्या वेळा वाक्य त्याचं त्याला सापडतं, आणि सापडलेलं वाक्य दिलेल्या वाक्यापेक्षा बरं वाटतं. आणि द्यायचा तो फक्त पहिला शब्द, पूर्ण वाक्य नाही.

धंद्याचं पंचांग त्यांच्या या छंदाला बरं जुळतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, शहर पहाटेपर्यंत रस्त्यावर असतं, आणि लगेच पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात इंदुरात कोणी टोकन देत नाही, मकान पाहायलासुद्धा निघत नाही. मग ते सर्च रिपोर्ट, नकाशे, नामांतरणाच्या खेपा असली कोरडी कामं उरकून घेतात. नवरात्रात फोन सुरू होतात, पुष्य नक्षत्राला रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर पाय ठेवायला जागा नसते. रामबागेचं ते टोकन पितृपक्षाच्या दोन दिवस आधी ठरलं होतं, एवढंही इथे नोंदवून ठेवतो. तो दिवस गेला असता तर पुढचे सोळा दिवस गेलेच होते, आणि भावांची घाई त्यासाठीच होती.

पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकारानं १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी या शहराचा अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, गल्ल्यांतून चाला, जिथे अडतंय तेवढंच मोकळं करा, बाकी दुरुस्त करा, असा त्याचा एकूण धोशा होता. जुन्या इंदुरात चालताना त्याची आठवण येते ती जरा वाकड्या वाटेनं. आता गल्ल्यांतून दारोदार चालणारा, कुठली भिंत कुणाची आणि कुठल्या वाड्यात किती वारस हे तोंडपाठ असणारा माणूस नगररचनाकार राहिलेला नाही, दलाल आहे. तो काही वाचवायला चालत नाही. त्याच्या मागून जेसीबी येतो. रामबाग, मल्हारगंजमधली कवेलूची घरं एकेक करून जी तीन मजली झाली, त्यांतल्या पुष्कळ घरांच्या किल्ल्या काकांच्या फळीवरून गेल्या आहेत. याचं त्यांना वाईट वाटतं का? विचारलं तर म्हणतात, “मकान पडतं. घर आधीच गेलेलं असतं.” वाक्य चांगलं आहे, पण ते त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवलेलं आहे, हेही जाणवतं.

तर आठ दिवस गप्प का? एक उत्तर विंगेतलं आहे. त्यांनी दोन आकडे मोजले, भाऊ आपणहून बहिणीचं नाव काढतात का ते पाहिलं, नाही काढलं तेव्हा पहिला शब्द दिला. हे उत्तर मला आवडतं, म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही. दुसरं उत्तर धंद्याचं. आठ दिवस आधी बोलले असते तर भावांनी ते मकान गुपचूप दुसऱ्या दलालाकडे नेलं असतं, आणि त्यानं टोकन घेऊनही टाकलं असतं. सात जणांसमोर, पेढ्यांच्या डब्यासमोर बोलल्यावर मागे फिरायला जागा राहिली नाही. आणि तिसरं उत्तर सुदामा नगरातल्या त्या पश्चिमेच्या भिंतीत आहे. तिथे त्यांनी दोन काय, वीस आकडे मोजले आणि शब्द दिलाच नाही. तालमीला शेजारी बसणाऱ्याला सांगायचं आणि बाहेरून आलेल्याला नाही, हा भेद काही त्यांचा एकट्याचा नाही. भाजीवाला करतो, डॉक्टर करतो, आपणही करतो. पण भाजी संध्याकाळी संपते. भिंत दर भाद्रपदात परत येते.

त्या घराचं पुढे काय झालं ते थोडक्यात. भाऊ काकांवर नाराज झाले. तरुणाच्या वडिलांनी महिनाभर वाट पाहिली, मग थेट भावांशीच बोलणं सुरू केलं. बहीण नागपूरहून आली, हक्कत्याग करणार नाही म्हणाली, विकणाऱ्यांत तिसरं नाव तिचं लागलं आणि तिसरा हिस्साही. रजिस्ट्री कार्तिकात झाली. दलाली द्यायचा प्रश्नच आला नाही, कारण मधे कोणी नव्हतंच. दोन्ही बाजूंची बचत झाली. तरुणाचे वडील आता तालमीला येतात तेव्हा दोन खुर्च्या सोडून बसतात.

ताबा घ्यायच्या दिवशी सकाळी काकांना फोन आला. मागचं दार उघडत नव्हतं. कुलूप निघालं होतं, कडी निघाली होती, दोन मजूर खांदा लावून थकले होते आणि चौकट फुटेल म्हणून घाबरले होते. काका चालत गेले, दहा मिनिटांचा रस्ता. दारापाशी उभे राहून त्यांनी पिशवी खाली ठेवली, खालच्या फळीत बोटं घातली, दार दोन इंच वर उचललं आणि ढकललं. आत मोरीचा बंद वास आणि कोपऱ्यात तुळशीची रिकामी कुंडी. तरुणानं आभार मानले, चहा घ्या म्हणाला. काकांनी त्याच्या हातातून किल्ली मागून घेतली, तिला बांधलेला पुठ्ठा सोडवला, आणि नुसती किल्ली परत दिली.